हाडोळे मास्तरांची डावी सीट

हाडोळे मास्तरांची आठवण आली की मला आधी त्यांचा चेहरा दिसत नाही, पाय दिसतो. काळ्या सँडलमधला उजवा पाय. टाच खाली टेकलेली आणि चवडा ब्रेकच्या वर, न टेकता धरलेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो हे अकोल्यातल्या निम्म्या लोकांना पक्कं ठाऊक आहे, कारण निम्मं अकोलं त्यांच्याच गाडीत शिकलं. शिकणारा उजवीकडे, मास्तर डावीकडे. आपण चुकलो की गाडी आपोआप थांबायची, आणि शेजारून आवाज यायचा, "आता काय झालं थे सांगा."

मी अकोट रस्त्यावरच्या एका खेड्यात शिक्षिका. एस.टी. चुकली की पहिला तास चुकायचा, म्हणून घरात जुनी गाडी आली. नवरा मला शिकवायला दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "संसार टिकवायचा असेल तर तू मास्तर लाव." तशी मी हाडोळे मास्तरांकडे गेले. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणाले, कारण शाळेतल्या बाई. मीही त्यांना मास्तर म्हणे. "आपुन दोघंबी मास्तरच," ते म्हणायचे, "तुमच्या पोरायनं चूक केली त लाल रेघ मारता, माह्यानं चूक केली त मानूस मरते."

बोलणं असं तोंडावर मारल्यासारखं. पुण्याकडून बदलून आलेल्या एका साहेबांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, तुमाले गाडी नाई, घोडागाडी शोभते. सारं ध्यान पुढच्या शेपटावर." साहेब दुसऱ्या दिवशी येणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. साहेब आले, शिकले, आणि बदली होऊन जाताना मास्तरांच्या पाया पडून गेले.

त्यांची शिकवण दोन वाक्यांत संपायची. पहिलं, "चाळीसच्या वरती गाडी आपली नसते, नशिबाची असते." दुसरं, "समोरचं त सारेच पायतात. बाजूनं काय येऊन राह्यलं थे पाहा. मरन समोरून येत नाई बाई, गल्लीतून येते." बकरी, सायकल, शाळा सुटलेली पोरं, कापसाची बैलगाडी, फोनवर बोलत रस्ता ओलांडणारा कोणी, सगळं बाजूने येतं. आपण आरशात पाहिलं नाही की ते डाव्या हाताने आपली हनुवटी धरून आरशाकडे वळवायचे. बायकांच्या बाबतीत मात्र नुसती काचेवर टिचकी मारायचे.

गावात त्यांना 'ब्रेकमास्तर' म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. लग्नाच्या मांडवात खुर्चीवर बसलेले असले आणि वाढपी वरणाची बादली घेऊन धावत आला की यांचा पाय सतरंजीवर दाबला जायचा. शकुंतलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, चारचौघांत सांगायची, "हा मानूस झोपेतबी ब्रेक मारते. अन् मारते कुठी? माह्या पायावर!" मास्तर हसायचे नाहीत. "झोपेत त तू बाजूनंच येतं," एवढंच म्हणायचे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. साऱ्या गावाला गाडी शिकवणारा हा माणूस स्वतः गाडी चालवत नसे. मूळचे ते हिवरखेडचे, घरची बागायत. भाजीचा मेटॅडोर अकोटच्या बाजारात जायचा तेव्हा थोरला भाऊ चालवायचा आणि हे डावीकडे, मांडीवर वांग्याची टोपली घेऊन. पुढे स्कूल काढलं तेव्हाही डावीकडेच. घरी यायचे सायकलने. स्कूलची गाडी धंद्याची, तिच्यात घरचं माणूस बसवायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून काकू जन्मभर ऑटोने फिरली.

वय झालं, नियम बदलले, तेव्हा त्यांनी स्कूल बंद केलं आणि गाळा विकून टाकला. आता मास्तर काशीला जातील किंवा घरावर मजला चढवतील असं सगळ्यांनी धरलं होतं. एका शुक्रवारी मला फोन आला. "बाई, रविवारी मोकळ्या हा का? अमरावतीले जाचं हाय. जातानी एस.टी., येतानी गाडी."

मला वाटलं, म्हातारा-म्हातारीपुरती एखादी लहानशी गाडी घेतली असेल. अमरावतीत एका बिल्डरच्या बंगल्यात आम्ही गेलो, आणि त्याच्या मुलाने पोर्चमधलं कव्हर ओढलं. गडद निळी, दोन दारांची, माझ्या कमरेइतकीच उंच गाडी. पुढून पाहिली तर जमिनीला चिकटून दबा धरलेली. इंजिन मागे, डिक्की पुढे. मागची सीट नाहीच. मुलाला वर्षातच तिचा कंटाळा आला होता, की धाक बसला होता, ते त्याने सांगितलं नाही.

मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं आणि आत बसले. डावीकडे. बसले, पाय पुढे घेतला, टाच टेकवली आणि वाट पाहू लागले. मुलगा जरा घुटमळून म्हणाला, "काका, स्टेअरिंग त्या बाजूला आहे."

मास्तर बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "थांब रे बापू. उजीकडं जाले जरा टाइम लागते."

मुलाने सगळं समजावून सांगितलं. गिअर स्टेअरिंगच्या मागे, बोटांनी बदलायचे, नाही बदलले तर गाडी स्वतःच बदलते. क्लच नाही. इथे मास्तर अडले. अर्ध्या क्लचवर चढावर गाडी धरून ठेवणं ही त्यांची विद्या. "क्लच नाई? मंग डाव्या पायानं कराचं काय?"

"काही नाही काका, आराम."

त्यांनी डाव्या पायाकडे असं पाहिलं, जणू त्याची नोकरी गेली.

परतताना मी डावीकडे आणि मास्तर उजवीकडे. मला ते फार विचित्र वाटत होतं. सीट इतकी खाली की शेजारच्या ट्रकची चाकं डोळ्यांसमोर. पाठीमागे इंजिन, म्हणजे पिठाच्या गिरणीला टेकून बसल्यासारखं. पायाचा नुसता भार पडला तरी पाठ सीटला चिकटायची, आणि मास्तर घाबरून पाय काढून घ्यायचे. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्या मोकळ्या चौपदरी रस्त्यावर आम्ही चाळीसने आलो. कडब्याने भरलेल्या एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं आणि वर बसलेल्या माणसाने हात हलवला.

"पाय ऐकत नाई बाई," मास्तर म्हणाले. "मीच शिकोलेला पाय हाय."

पूजेचा घोळ मी विसरणार नाही. भटजींनी रिवाजाप्रमाणे पुढच्या बॉनेटवर स्वस्तिक काढायला बोट उचललं. मास्तर म्हणाले, इंजिन मागे आहे, पूजा मागे करा. काकू म्हणाली, "पाठीले कुंकू लावते का कोनी?" शेवटी दोन्हीकडे कुंकू लागलं, चाकाखाली लिंबं ठेवली आणि नारळ काकूने रस्त्यावर फोडला, गाडीजवळ फोडायची तिची हिंमत झाली नाही. पेढे घ्यायला आलेली सगळी गल्ली एकच प्रश्न विचारत होती, "मास्तर, एव्हरेज किती देते?"

"थे देत नाई," मास्तर म्हणाले, "घेते."

पुढचे दोन-तीन महिने मी त्यांना इतकं खूश पाहिलं की तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. गाडीचं पोट गल्लीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला घासायचं, म्हणून त्यांनी देवघरातले दोन पाट पुढच्या डिक्कीत टाकले. ब्रेकर आला की उतरायचं, पाट लावायचे, चाकं चढवायची, पाट उचलायचे. एक पाट फुटला तेव्हा काकूने घर डोक्यावर घेतलं. पण तीही पदर खोचून त्या गाडीत बसायला शिकली होती. "बसतानी काई वाटत नाई वो," ती मला म्हणाली, "उठतानी माहेर आठवते." अकोटच्या बाजाराला दोघं जाऊ लागली. जिच्यासाठी जन्मभर ऑटो थांबवला ती आता शेजारी बसायची आणि प्रत्येक वळणाला म्हणायची, "हळू." मास्तरांना हळू म्हणणारं कुणीतरी असावं, याची मला फार गंमत वाटायची.

एका सकाळी ते एकटेच चौपदरीवर गेले आणि परत आले ते सरळ माझ्या दारात. चहा नको म्हणाले. चेहरा असा, जणू नवरदेव वरातीतून उतरलाय.

"बाई, दाबला."

"काय दाबलं?"

"पाय. ऐकलं आज त्यानं. चाळीस कवा गेली समजलंच नाई. गाडीनं मले विचारलंबी नाई. अन् तुमाले सांगतो, बाजू सारी पुसून जाते. झाडं नाई, खांब नाई, काई नाई. निस्ता रस्ता. निस्तं समोरचं." मग ते जरा लाजले. "जल्मभर बाजूचं पाह्यलं. आज समोरचं पाह्यलं."

मला त्यांचं ते वाक्य इतकं आवडलं की मी ते शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, अकोटच्या बाजारात, अगदी सावकाश जाताना त्यांच्या गाडीचा डावा आरसा एका हातगाडीवर आदळला. कुणाला काही झालं नाही. आरसा लोंबकळला आणि टमाटे रस्ताभर झाले. हातगाडीवाला भांडलासुद्धा नाही, तो नुसता चक्रावला होता. "मास्तर," तो म्हणाला, "मी त कवाचा इथीच उभा हाव."

मास्तरांनी खाली बसून सगळे टमाटे वेचले, फुटलेल्यांचे पैसे दिले, गाडी तिथेच रस्त्याच्या कडेला लावली आणि काकूला घेऊन एस.टी.ने अकोल्याला आले. काकूला वाटलं, लाज वाटली असेल. माझी शाळा त्याच रस्त्यावर, म्हणून वाटेत उतरून त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली, आणि शाळा सुटल्यावर अकोटला जाऊन गाडी मी आणली. किल्ली द्यायला घरी गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"बाई, त्या दिवशी मी गाडी दाबली न, तवा बाजू पुसली व्हती. मले वाटलं, वेगानं पुसली. मंग मी वेग कमी केला. थांबलोबी. पन बाजू काई परत आली नाई."

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना त्या निळ्या गाडीतून नेलं. डॉक्टर भला माणूस होता. काचबिंदू म्हणाला. यात दुखत नाही, कळत नाही, आधी बाजूची नजर जाते, समोरची शेवटपर्यंत राहते म्हणून माणूस फसतो. गेलेली परत येत नाही. उरलेली थेंब घालून जपायची, पण तुमची फार थोडी उरली आहे. गाडी आजपासून बंद.

मास्तरांनी मान हलवली. मला वाटलं ते गाडीबद्दल काही विचारतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"डाक्टरसाहेब, हे कवापासून असन?"

"सांगता येणार नाही. पण इतकं व्हायला वर्षं लागतात. बरीच वर्षं."

परतताना मूर्तिजापूर मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, "म्हंजे बाई, इतली वर्सं मी काय पाहून ब्रेक मारत व्हतो?"



मी जे बोलायचं ते बोलले. तुमच्या हातून आयुष्यात कुणाला ओरखडा उठला नाही, अख्खं गाव साक्षीला आहे, चाळीसच्या वर तुम्ही कुणाला जाऊ दिलं नाही. ते ऐकून घ्यायचे. "थेच म्हनतो," ते म्हणायचे. "चाळीसनं वाचोलं. म्या नाई वाचोलं." मग एकेक आठवण काढून बसायचे. अमक्या वर्षी एक सायकलवाला अगदी डाव्या दाराला घासून गेला होता, आपण शिकणाऱ्या पोरीला रागावलो की आरशात पाहिलं नाही. पाहिलं आपणच नव्हतं. एकदा एक म्हातारी बॉनेटवर हात आपटून शिव्या देत गेली, आपण म्हणालो म्हातारी वेडी आहे. हनुवटी धरून ज्या आरशाकडे माणसं वळवली, त्या आरशात त्यांना स्वतःला काय दिसत होतं? अशी किती असतील, कोण जाणे. एखाद्या सज्जन माणसाला म्हातारपणी हे कळावं आणि ते खोडून काढायला कुणाकडे काही नसावं, यापेक्षा वाईट मला सुचत नाही. परमेश्वराने नजर न्यायची होती तर न्यावी, पण मागची सगळी वर्षंही नेली, याचा मला संताप येतो.

शिकलेली माणसं भेटायला येत. कुणी म्हणे, मास्तर, तुमच्यामुळे आज ट्रान्सपोर्ट उभं आहे. कुणी पेढे आणे. मास्तर आवाजावरून ओळखत, नावानिशी चौकशी करत, आणि तो गेला की काकूला म्हणत, "हाबी वाचला." काकू पदराने डोळे पुसायची. ती मला एकदा हळूच म्हणाली, "बाई, हा मानूस आता झोपेत ब्रेक मारत नाई." तिला पायावर पाय पडायचा कंटाळा होता. आता तो पडत नाही म्हणून ती जागी राहायची.

गाडी अंगणात कव्हरखाली. रविवारी मी जायचे, इंजिन सुरू करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. मास्तर दार चाचपत यायचे आणि डावीकडे बसायचे. उजवीकडे बसा म्हटलं तर म्हणायचे, "थे आपलं घर नोहोय." समोरची नजरही आता विरत चालली होती. इंजिन मागे घरघरायचं, गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघायची, आणि आम्ही दोघं जागच्या जागी बसून असायचो.

शेवटी त्यांची नागपूरला दिलेली मुलगी आली. दोघांना घेऊन जायचं ठरलं. गाडीला गिऱ्हाईक मिळालं, ते सोमवारी येणार होतं. रविवारी मी गेले तर मास्तर कपडे करून दाराशी उभे. काळे सँडल घातलेले.

"बाई, आज चौपदरीवर चला. अन् चाळीसनं नाई."

गल्लीच्या ब्रेकरला मी उतरून पाट लावला, एकच उरला होता. कुणी डावीकडून आलं की नकळत माझी नजर त्यांच्या पायाकडे जायची. पाय तिथेच होता. टाच टेकलेली, चवडा वर, खाली ब्रेक नसलेल्या जागेवर. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, जोवर हा पाय आहे तोवर माणूस आहे.

चौपदरी लागली. रस्ता मोकळा होता. मी पाय दाबला. पाठ सीटला टेकली, मागची गिरणी ओरडू लागली. चाळीस मागे गेली, तिच्या दुप्पट मागे गेली. दोन्हीकडची बाभळी पुसट झाली. डाव्या हाताच्या शेतातून एक मोटारसायकल रस्त्याकडे येत होती, अजून लांब. मी ती पाहिली आणि सवयीने वाट पाहिली, की शेजारचा पाय दाबला जाईल.

मास्तरांनी सँडल काढले. सावकाश, एक, मग दुसरा. दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले, ओट्यावर बसतात तसे. हात मांडीवर ठेवले.

"मास्तर," मी म्हणाले, "डावीकडून गाडी येतेय."

"तुमी पाहा बाई," ते म्हणाले. "मी उतरलो."

मोटारसायकल तोवर मागे पडली होती. मी गाडी चाळीसवर आणली आणि तशीच घरापर्यंत नेली. दार उघडून मी त्यांना हात दिला तेव्हा ते अनवाणीच उतरले. सँडल डाव्या सीटखाली राहिले. सोमवारी गाडी घ्यायला आलेल्या माणसाने ते बाहेर काढून मला विचारलं, हे कुणाचे.